रझाकार एवढे माजले कसे?

१७ सप्टेंबरला शाळेत मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन होतं. पण रझाकार एवढे माजले कसे, हे आपण फारसं बोलत नाही.

त्याआधी युरोपात असंच घडलं होतं. पहिल्या महायुद्धानंतर लोक महागाई नि बेकारीनं पिचले होते. इटलीत मुसोलिनीची काळ्या सदऱ्यातली टोळकी विरोधकांना झोडपत. १९२२ मध्ये ती रोमवर निघाली, तर राजानं अडवायचं सोडून मुसोलिनीलाच पंतप्रधान केलं. जर्मनीत साठ लाख बेकार होते. हिटलरनं सगळा दोष ज्यू लोकांवर टाकला. जानेवारी १९३३ मध्ये त्याला सत्ता देणाऱ्या बड्यांना वाटलं, याला दावणीला बांधू. जुलैपर्यंत बाकीचे सगळे पक्ष बंद झाले होते.

आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होता. रझाकार म्हणजे खरं तर स्वयंसेवक. लातुरात वकिली करणारा कासिम रझवी १९४६ मध्ये मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनचा अध्यक्ष झाला. राज्य गेलं तर आपलं काय, ही भीती त्यानं तरुणांत पेरली आणि हाती शस्त्रं दिली. निजामानं त्यांना आवरलं नाही. गावं लुटली, जाळली गेली. कितीतरी कुटुंबं लेकरं काखेत घेऊन सीमेपलीकडे गेली.

रझाकारांना विरोध करणारे मुसलमानही होते. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांनी त्यांच्याविरुद्ध लिहिलं, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला.

१३ सप्टेंबरला भारतीय फौज आली, १७ तारखेला निजाम शरण आला. पण मग सूड सुरू झाला. रझाकारांशी काही संबंध नसलेले मुसलमानही मारले गेले. सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं या काळातल्या मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. मागं राहिल्या त्या विधवा, दोन्हीकडच्या.

म्हणजे तिन्ही ठिकाणी रीत एकच. आधी भीती, मग कुणाकडं तरी बोट, मग पोरांच्या हातात काठी, आणि ज्यानं आवरायचं तोच गप्प.

गटात कर्ज देताना आपण विचारतो, पैसा कशाला पाहिजे, फेडणार कोण? आपल्या पोराला कुणी मोर्चाला बोलावलं, तर हेच विचारा. राग कुणावर, कशासाठी? आणि उद्या केस झाली तर कोर्टाच्या चकरा कोण मारणार? उत्तर मिळेपर्यंत पोराला घराबाहेर सोडू नका.