कान्होबाचा डमरू

अहिल्यानगरहून पाथर्डीकडे जाताना तिसगाव लागते. तिथून जवळच मढीचा गड आहे आणि गडावर कानिफनाथांची, म्हणजे लोकांच्या कान्होबाची, समाधी. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालणारी इथली यात्रा भटक्या जमातींची आणि गाढवांच्या बाजाराची म्हणून ओळखली जाते. या समाधीचा तिबेटी तांत्रिकाच्या डमरूशी काय संबंध, असा प्रश्न कुणालाही पडेल. संबंध आहे, आणि तो वाङ्मयेतिहासाचा आहे.

तिबेटी डमरूची घडण भारतीयच आहे: मधे निमुळता, दोन्ही तोंडांना कातडे, आणि मनगट फिरवताच त्यावर आपटणाऱ्या दोन गोळ्या. नावही संस्कृतातूनच गेलेले. माणसाच्या कवटीचे दोन माथे पाठीला पाठ जोडून केलेले जुने डमरू आज अनेक संग्रहालयांत काचेआड दिसतात.

वाद्याबरोबर कथाही हिमालय ओलांडून गेल्या. अभयदत्ताने सांगितलेली चौऱ्याऐंशी सिद्धांची चरित्रे तिबेटी अनुवादातून आपल्यापर्यंत पोचली. त्यांत जालंधरीचा शिष्य कान्हपा भेटतो. साधना फळास येताच त्याच्या माथ्यावर सात छत्रे तरंगतात, आकाशात सात डमरू वाजू लागतात. तो समुद्रावरून चालत निघतो. ‘हे माझ्या गुरूलाही जमले नसते’ असा गर्व मनात येतो आणि तो बुडतो.

आपले कानिफनाथही जालंधरनाथांचेच शिष्य. मालू कवीच्या ‘नवनाथ भक्तिसारा’त (१८१९) एकट्या गोरक्षापुढे ते शिष्यांच्या मोठ्या मेळ्यासह उभे राहतात आणि दोघांत विद्येची चढाओढ लागते. कान्हपा आणि कानिफा ही एकाच सिद्धाची दोन नावे, असे अनेक अभ्यासक मानतात. दोन्हीकडच्या कथांनी त्याचा अहंकार लपवलेला नाही, हे साम्य मला नामसाम्याहून बोलके वाटते.

हरप्रसाद शास्त्री यांना नेपाळमध्ये १९०७ साली सापडलेल्या आणि १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या चर्यापदांत सर्वाधिक पदे कान्हपाची आहेत. एका पदात अनाहत डमरू वाजतो. दुसऱ्यात कवी नगराबाहेर झोपडीत राहणाऱ्या डोंबिणीची ओढ सांगतो. ही प्रतीकभाषा खरी. पण ते प्रतीक त्याने वेशीबाहेरून उचलले.

वेशीबाहेरची ती परंपरा महाराष्ट्रात डौराच्या रूपाने टिकली. डौर म्हणजे डमरूचे थोरले भावंड. त्याच्यावरूनच नाथपंथी डवरी गोसाव्यांना नाव मिळाले. डौरावर गोपीचंद-भर्तरीची गाणी म्हणत भिक्षा मागणारे, कुळाचारात भैरवनाथ-जोगेश्वरीचे भराड घालणारे हे उपासक. रा. चिं. ढेरे यांनी अशा उपासकांचा मागोवा घेऊन आपल्या वाङ्मयेतिहासाचा पैस वाढवला. डौर हीच त्यांची ओळख होती. तो वाजला की दारी नाथांचा माणूस आला, हे सांगावे लागत नसे.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षेसाठी फिरणाऱ्या पाच डवरी गोसाव्यांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. एका अफवेपुढे शतकांची ओळख उपयोगी पडली नाही.

नाथवाङ्मय शिकवताना आपण कान्हपापाशी थांबतो. त्याचा डमरू आपल्याला इतिहास वाटतो, तो हाती घेऊन दारी येणारा माणूस वाटत नाही. राईनपाडा हाही त्याच इतिहासाचा भाग आहे आणि वर्गात त्याचे नाव घेतले गेले पाहिजे.