राउंड बेटावरचा बॉटल पाम

श्रोतेहो, घरापुढे चार हात मोकळी जागा असली आणि तुळस, मोगरा, जास्वंद यांची सोय लागली, की माणसाचे मन एखाद्या अपूर्व झाडाकडे ओढ घेऊ लागते. शेजाऱ्याच्या अंगणात नाही असे काही आपल्याकडे असावे, ही हौस जुनीच आहे. आणि ताडाच्या कुळाने ती पिढ्यान्‌पिढ्या पुरविली आहे. या कुळातील बॉटल पाम आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. बुंध्याशी घटासारखे फुगलेले करडे खोड, त्यावर गळून गेलेल्या झावळ्यांची वलये, वर एकदम निमुळती होत जाणारी मान आणि माथ्यावर कमानीसारख्या वळलेल्या मोजक्या चार-सहा झावळ्या. उंची बहुधा तीन-चार मीटरच. म्हणून लहानशा बागेतही तो सामावतो.

आज कोणत्याही बऱ्या रोपवाटिकेत हे रोप मिळते. मग त्याला दुर्मिळ कशासाठी म्हणावयाचे? या प्रश्नाचे उत्तर आपल्याला हिंदी महासागरात घेऊन जाते.

मॉरिशसचे नाव मराठी माणसाला परके नाही. १८३४ नंतर उसाच्या मळ्यांसाठी जे मजूर तिकडे नेले गेले, त्यांत कोकणातील मराठी माणसेही होती, आणि त्यांचे वंशज आजही तेथे गणेशोत्सव करतात. या मॉरिशसच्या उत्तरेस, मुख्य भूमीपासून सुमारे बावीस किलोमीटरांवर, राउंड नावाचे ज्वालामुखीतून निर्माण झालेले एक बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम दोन चौरस किलोमीटर. किनारा खडकाळ आणि समुद्र खवळलेला, त्यामुळे होडीतून उतरावयाचे ते लाट वर येताच खडकावर उडी मारून. निसर्गात बॉटल पाम टिकून राहिला तो एवढ्या एका खडकावर.

उंदीर या बेटावर कधी पोहोचले नाहीत, हे त्याचे भाग्य. परंतु माणसाने तेथे शेळ्या आणि ससे सोडले. फुटलेल्या जहाजांवरील खलाशांना चार दिवस अन्न मिळावे, असा त्यामागचा हेतू सांगतात. हेतू दयाळूपणाचा होता, परिणाम मात्र भयंकर झाला. एकोणिसाव्या शतकात या प्राण्यांनी बेट अक्षरशः चरून टाकले. मोठी झाडे वठत गेली. त्यांची जागा घेणारे रोप जमिनीतून वर येताच सशाच्या तोंडी पडे. मुळांची पकड सुटल्यावर माती पावसाबरोबर समुद्रात वाहून गेली आणि खालचा उघडा खडक दिसू लागला. टणक लाकडाची झाडे तर साफ नाहीशी झाली. मातीत बिळे करून राहणारा तेथला एक अजगरवर्गी साप १९७५ साली शेवटचा दिसला, नंतर नाही. बॉटल पामची जुनी झाडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. ती फुलत होती, फळत होती. पण त्यांच्याखाली एकही पोर वाढत नव्हते.

१९५७ साली बेट राखीव म्हणून जाहीर झाले. तथापि शेळ्या-सशांना सरकारी जाहीरनामे वाचता येत नाहीत. शेळ्या गेल्या त्या १९७९ साली, आणि ससे १९८६ साली, न्यूझीलंडहून आलेल्या जाणकारांच्या मदतीने. त्यानंतर कोवळी रोपे पुन्हा जगू लागली.

आता नावाची गंमत ऐका. बागांतून हा पाम कितीतरी वर्षे ‘हायोफोर्बी अमारिकॉलिस’ या नावाने वावरत होता. ‘हायोफोर्बी’ म्हणजे डुकरांचे खाद्य. एवढ्या डौलदार कुळाला असे नाव द्यावे, हे शास्त्रज्ञांनाच सुचो! ते पूर्ण नाव वस्तुतः त्याच्या एका भावंडाचे. अमेरिकन शास्त्रज्ञ लिबर्टी हाइड बेली यांनी १९४२ साली बॉटल पाम ही निराळी जात असल्याचे दाखवून तिला ‘लाजेनिकॉलिस’, म्हणजे बाटलीसारख्या खोडाची, असे नाव दिले. आणि ज्याचे नाव इतकी वर्षे उसने घेतले होते, त्या भावंडाचे आज जगाला एकच झाड ठाऊक आहे. ते मॉरिशसमधील क्युरपीप येथील वनस्पतिउद्यानात उभे आहे. त्याची नरफुले आणि मादीफुले एका वेळी उमलत नाहीत. त्यामुळे त्याचे बी धरणे फार कठीण.

बागांतून बॉटल पाम हजारोंनी आहेत, तर त्यांतलेच काही नेऊन बेटावर लावावेत, असे कोणालाही सुचेल. पण येथे एक अडचण आहे. पूर्वेकडील रॉड्रिग्ज बेटाचा स्पिंडल पाम याच घराण्यातला. त्याचे खोड चातीसारखे, म्हणजे बुंध्याशी बारीक आणि मध्यावर फुगलेले असते. निसर्गात दोघांची कधी गाठ पडली नाही, कारण मध्ये शेकडो किलोमीटरांचा समुद्र. माणसाने मात्र दोघांना बागेत शेजारी शेजारी लावले, आणि त्यांचा संकर होऊ लागला. अशा बागेतील बियांची वंशशुद्धी कोण सांगणार? मला तर वाटते, आपल्या बागेसाठी खरा बॉटल पाम शोधणाऱ्यानेही याच जागी थांबून चौकशी करावी. रोप कोणत्या झाडाच्या बियांचे, आणि त्या झाडाजवळ स्पिंडल पाम होता काय, हे माळ्याला विचारण्यास संकोच नको. लहान रोपावरून पारख करणे सोपे नाही. शक्य असेल तर बुंधा फुगू लागलेले रोप निवडावे.

जमीन पाण्याचा निचरा होणारी हवी. खारी हवा त्याला सोसते, म्हणून गोव्याच्या किनाऱ्यावर त्याला मुळीच अडचण नाही. कडाक्याची थंडी मात्र सोसत नाही. ग्वाल्हेरच्या श्रोत्यांनी पहिली काही वर्षे तो कुंडीतच वाढवावा आणि पौषात रात्रीच्या वेळी ओसरीवर आणून ठेवावा. बी रुजण्यास महिनेच्या महिने लागतात, आणि वाढही सावकाश. तेव्हा दर आठ दिवसांनी माती उकरून पाहू नये.