पहिल्या सेक्टरचा वारसा

दहा-बारा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपवर विंडोजच्या जोडीला लिनक्स टाकायला बसलं, की बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह बरेचदा दोनदा दिसतो. एकदा नुसत्या नावाने, एकदा नावाआधी ‘यूईएफआय’ लावून. हाताला लागेल त्यावर एंटर मारला जातो आणि घोळ तिथेच सुरू होतो.

या दोन नोंदींमागे मशीन सुरू करणाऱ्या फर्मवेअरच्या दोन पात्या आहेत. यातली थोरली पाती, म्हणजे नुसत्या नावाची, बायोसची. १९८१ च्या आयबीएम पीसीत तो होताच. हार्डडिस्क मात्र १९८३ मध्ये पीसी एक्सटीबरोबर आली, आणि तिच्यासाठी डॉस २.० ने मास्टर बूट रेकॉर्ड आणला. डिस्कचा पहिला सेक्टर, अवघा ५१२ बाइट्सचा: ४४६ प्रोग्रामला, ६४ चार पार्टिशनांच्या तक्त्याला, शेवटचे दोन खुणेचे. बायोस हा सेक्टर उचलून मेमरीत ठेवतो, कारभार त्याच्या हाती देतो आणि मोकळा होतो. फाइल, फोल्डर त्याच्या गावीही नसतात. म्हणून तर लिनक्सनंतर विंडोज टाकलं की लिनक्सचा बूटलोडर ग्रब गायब व्हायचा, जागाच एकापुरती. शिवाय तक्त्यातले आकडे ३२ बिटांचे, त्यामुळे सर्वसाधारण डिस्कवर दोन टेराबाइटच्या पुढे मजल नाही.

धाकटी पाती यूईएफआयची. ती इंटेल आणि एचपीच्या इटॅनियम प्रोसेसरच्या खटाटोपातून, नव्वदच्या दशकात निघाली. इटॅनियम बाजारात आपटला; त्याचं फर्मवेअर तरलं आणि २००५ मध्ये यूईएफआय फोरमकडे गेलं. त्याला फॅट पार्टिशन वाचता येतं, त्यामुळे प्रत्येक सिस्टिमचा बूटलोडर आपापल्या फोल्डरात साधी फाइल म्हणून राहतो. कुणी कुणाला पुसायचं कारणच उरलं नाही.

पण जुन्या सिस्टिम्सचं काय? त्यांच्यासाठी यूईएफआयमध्ये सीएसएम नावाचा बायोसचा मुखवटा बसवला गेला. सोय खरी, पण माझ्या मते ड्युअल बूटच्या निम्म्या तक्रारींचं मूळ हेच. इन्स्टॉलर ज्या मोडमध्ये सुरू होतो, त्याच मोडची सिस्टिम बसवतो. विंडोज लेगसी, म्हणजे बायोस मोडमध्ये, आणि लिनक्स यूईएफआय मोडमध्ये असेल, तर ग्रबच्या मेनूतून विंडोज सुरू होत नाही. दर वेळी फर्मवेअरच्या मेनूत जावं लागतं. लोक दोष मात्र लिनक्सला देतात.

तेव्हा पेनड्राइव्ह लावण्याआधी विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये ‘बायोस मोड’ ही ओळ बघा. तिथे ‘लेगसी’ असेल तर पेनड्राइव्हही नुसत्या नावानेच सुरू करा.