वारं फिरतं की माणसं फिरवतात? कोलंबिया नदीची घळ, हवेचे अंदाज आणि पुसलेली सोळा नावं



आपल्या बोलण्यात वारा फार येतो. निवडणूक जवळ आली की 'सध्या वारं कुणीकडचं आहे?' असं आपण विचारतो. एखाद्याने बाजू बदलली की 'वारं येईल तशी पाठ फिरवली' म्हणतो. काल ज्याला गाव नावं ठेवत होतं त्याचाच आज सत्कार झाला, तर 'वारं फिरलं' एवढं बोलून मोकळे होतो. म्हणजे समाजाची मतं ही हवेसारखी आहेत, ती आपोआप येतात आणि आपोआप जातात, असं आपण नकळत गृहीत धरतो. आज आम्हाला हे गृहीतक जरा तपासून पाहायचं आहे. त्यासाठी आपण अशा एका गावाकडे जाऊ या, जिथे वाऱ्याचा अंदाज रोज सकाळी चहाइतकाच गरजेचा असतो.

गावाचं नाव हूड रिव्हर. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात ऑरेगन राज्य आहे. तिथलं पोर्टलंड शहर आपल्यापैकी काहींना माहीत असेल, कारण संगणक कंपन्यांमुळे त्या परिसरात मराठी कुटुंबंही राहतात. पोर्टलंडपासून पूर्वेला साधारण शंभर किलोमीटरवर, कोलंबिया नदीच्या काठी हे छोटं गाव आहे. दक्षिणेला माउंट हूड हा ३,४०० मीटरहून उंच, बर्फाच्छादित ज्वालामुखी पर्वत उभा आहे.

आता इथला वारा समजून घेऊ. सह्याद्री जसा कोकण आणि देश वेगळे करतो, तशी इथे कॅस्केड पर्वतरांग ओला पश्चिम भाग आणि कोरडा पूर्व भाग वेगळे करते. या रांगेला आरपार कापून जाणारी, जवळजवळ समुद्रसपाटीला असलेली एकच वाट आहे, ती म्हणजे कोलंबिया नदीची घळ. लांबी सुमारे १३० किलोमीटर, आणि काही ठिकाणी कडे बाराशे मीटरपर्यंत उंच. घळीच्या पश्चिम टोकाला शेवाळलेली दाट जंगलं, आणि गाडीने तासाभरात पूर्वेला पोचलं की उघडं गवताळ माळरान. महाबळेश्वरहून निघून माणदेशात उतरावं तसा हा फरक आहे.

उन्हाळ्यात पूर्वेचं माळरान तापतं, तिथली हवा वर चढते आणि दाब कमी होतो. पश्चिमेला पॅसिफिक महासागरावरची हवा गार आणि जड असते. ही गार हवा आत शिरायला वाट शोधते आणि तिला घळ सापडते. आपल्याकडे पावसाळ्यात पालघाटाच्या खिंडीतून वारा कोइमतूरकडे घुसतो, त्याच जातीचा हा प्रकार आहे. हिवाळ्यात सगळं उलटं होतं. पूर्वेच्या खोलगट पठारावर गारठलेली जड हवा साचते आणि घळीतून पश्चिमेकडे वाहू लागते. मग पोर्टलंडच्या पूर्व भागात हाडं गोठवणारा वारा सुटतो, आणि पडलेला पाऊस जमिनीला टेकताच गोठतो.

म्हणून इथे अंदाज सांगणारा माणूस नुसता खिडकीबाहेर बघत नाही. तो घळीच्या दोन टोकांच्या हवेचा दाब बघतो, पश्चिमेला पोर्टलंडचा आणि पूर्वेला द डॅल्स या गावाचा. दोन आकड्यांतला फरक जितका मोठा, तितका मधला वारा जोरदार. समुद्रावरून आलेल्या ढगांचा थर किती जाड आहे आणि घळीत कुठवर शिरला आहे, हेही तो बघतो. डोंगरावर जायचं असेल तर हिशेब वेगळा. दिवसा उतार तापले की वारा दरीतून वर चढतो आणि रात्री गार हवा उतारावरून खाली घसरते. शाळेच्या भूगोलात पर्वतीय वारे आणि दरीय वारे शिकलो होतो, तेच हे. पण पर्वताच्या माथ्यावरचा वारा आणि नदीवरचा वारा एकाच दिवशी अगदी वेगळे असू शकतात, त्यामुळे दोन्हींचे अंदाज वेगवेगळे द्यावे लागतात.

हे झालं हवेचं. आता या वाऱ्याकडे बघणाऱ्या माणसांकडे वळू.

द डॅल्सच्या जरा पूर्वेला सिलायलो नावाचा धबधबा होता. तिथे हजारो वर्षं माणसं सामन मासे पकडत आली होती. वास्को, विश्रम, वायम असे अनेक समाज तिथे येत, आणि दूरदूरच्या लोकांशी तिथे व्यापार चाले. या व्यापाराच्या मुळाशी वारा होता. आपल्या किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घालतात, तसे तिथे घळीच्या कोरड्या, गरम वाऱ्यावर मासे वाळवत, कुटून त्यांची पूड करत आणि टोपल्यांत दाबून भरत. १८०५ च्या ऑक्टोबरात लुईस आणि क्लार्क यांची मोहीम तिथून गेली, तेव्हा त्यांनी ही सुक्या माशांची टोपली-टोपली साठवण पाहिली आणि लिहून ठेवली. त्या लोकांना वारा म्हणजे पुढच्या हिवाळ्याची बेगमी होती.

१८५५ मध्ये अमेरिकी सरकारने या समाजांशी करार केले. त्यांच्याकडून प्रचंड जमीन घेतली, पण नेहमीच्या जागी मासे पकडण्याचा हक्क त्यांच्याकडे राहील असं लिहून दिलं. पुढे १० मार्च १९५७ रोजी द डॅल्स धरणाची दारं बंद झाली आणि काही तासांत सिलायलो पाण्याखाली गेला. करार कागदावर राहिला, जागा मात्र गेली. नंतर हा हक्क न्यायालयात लढवावा लागला. १९६९ मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने निकाल दिला की या समाजांना माशांचा न्याय्य वाटा मिळालाच पाहिजे. हा निकाल वाऱ्यावर उडत आला नव्हता. बंदी झुगारून नदीवर जाळी टाकणारे आणि त्यासाठी अटक सोसणारे लोक त्याच्या मागे होते.

दुसरी गोष्ट खुद्द हूड रिव्हरची, आणि आजच्या विषयाचा गाभा तीच आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या खोऱ्यात जपानी मजूर आले. त्यांनी जंगल तोडलं, बुंधे उपटले, आधी स्ट्रॉबेरी आणि मग सफरचंद-नाशपातीच्या बागा उभ्या केल्या. बागाईतदाराचं वाऱ्याशी नातं वेगळं असतं. जोराचा वारा फळं पाडतो, हे खरं. पण मोहराच्या दिवसांत तो घाबरतो ते निवांत, स्वच्छ रात्रीला. अशा रात्री डोंगरउतारावरची गार हवा हळूच खाली येऊन बागेच्या खोलगट भागात साचते, आणि सकाळी मोहर जळालेला असतो. अशा रात्री बागेतून जागून काढताना गोरा शेजारी आणि जपानी शेजारी एकाच थंडीशी झगडत होते.

तरीही १९२३ मध्ये ऑरेगनने कायदा केला की नागरिकत्वाला 'अपात्र' असलेल्या परदेशीयांना जमीन घेता येणार नाही. हा शब्द आपल्यालाही लागू होता, बरं का. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीय माणूस नागरिकत्वाला पात्र नाही असा निकाल दिला, आणि थिंड यांना नागरिकत्व दिलं होतं ते ऑरेगनमधल्याच न्यायालयाने. जपानी शेतकऱ्यांनी मग अमेरिकेत जन्मलेल्या, म्हणजे जन्माने नागरिक असलेल्या मुलांच्या नावावर जमिनी घेतल्या.

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला. फेब्रुवारी १९४२ मध्ये अध्यक्षांचा हुकूम निघाला आणि मे महिन्यात हूड रिव्हरच्या जपानी कुटुंबांना रेल्वेत बसवून छावण्यांकडे नेण्यात आलं. त्यातले बहुसंख्य तरुण जन्माने अमेरिकी नागरिक होते, आणि काही तर सैन्यात होते. गावातून सैन्यात गेलेल्या सर्वांची नावं न्यायालयाच्या इमारतीच्या भिंतीवर रंगवलेली होती. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी माजी सैनिकांच्या संघटनेच्या स्थानिक शाखेने त्यातली सोळा नावं पुसून टाकली. सगळी जपानी वंशाची. त्यात फ्रँक हाचिया हे एक नाव होतं. हा तरुण त्या वेळी पॅसिफिकमध्ये अमेरिकी लष्कराचा दुभाषा म्हणून काम करत होता. फिलिपाइन्सच्या लेयटे बेटावर तो जखमी झाला आणि जानेवारी १९४५ मध्ये त्याचा मृत्यू झाला.

ही बातमी देशभर गेली, आणि देशभरातून, विशेषतः सैनिकांकडून, निषेध आला. १९४५ मध्ये बहुतेक नावं पुन्हा रंगवावी लागली. पण गावातला राग लगेच ओसरला नाही. त्याच वर्षी स्थानिक वर्तमानपत्रांत मोठमोठ्या जाहिराती येत होत्या, जपानी लोकांनी परत येऊ नये म्हणून. खाली गावकऱ्यांच्या नावांच्या याद्याच्या याद्या. त्याच गावात शर्मन बर्गॉइन नावाचे मेथडिस्ट पाद्री उघडपणे या प्रकाराच्या विरोधात उभे राहिले, आणि काही शेजाऱ्यांनी त्यांना साथ दिली.

याच गावात १९१६ मध्ये जन्मलेला मिनोरू यासुई वकील झाला होता. जपानी वंशाच्या लोकांवर रात्रीची संचारबंदी लागली, तेव्हा २८ मार्च १९४२ च्या रात्री तो मुद्दाम पोर्टलंडच्या रस्त्यांवर फिरला. कुणी पकडेना, म्हणून स्वतःच पोलीस चौकीत गेला आणि मला अटक करा म्हणाला. एकाच वंशाच्या नागरिकांवर असा नियम लावता येतो का, हे त्याला न्यायालयात विचारायचं होतं. नऊ महिने एकांत कोठडीत काढले, आणि १९४३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला. त्याची शिक्षा रद्द झाली ती १९८० च्या दशकात. १९८८ मध्ये सरकारने छावण्यांतून जिवंत असलेल्या प्रत्येकाची माफी मागून २० हजार डॉलर भरपाई देण्याचा कायदा केला. यासुई त्याआधी दोन वर्षं वारला होता. २०१५ मध्ये त्याला अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मरणोत्तर मिळाला.

आता याला आपण 'वारं फिरलं' म्हणायचं का?

थोडं थांबून त्या गावाच्या वाऱ्याचं पुढे काय झालं ते बघू. १९३८ च्या सुमाराला बॉनव्हिल धरणामुळे घळीतल्या खळाळत्या नदीचं लांबट सरोवर झालं होतं. १९८० च्या दशकात शिडाच्या फळीवर उभं राहून पाण्यावर धावणारे तरुण तिथे येऊ लागले. नदी पश्चिमेला वाहते आणि उन्हाळी वारा पूर्वेकडे जातो. वारा आणि प्रवाह समोरासमोर आले की उंच लाटा उठतात, आणि या खेळाला तेच हवं असतं. ज्या वाऱ्याला बागाईतदार शिव्या घालत होते, त्याच वाऱ्यासाठी लोक देशभरातून यायला लागले. आधी फोनवर आणि मग इंटरनेटवर रोजचे अंदाज सुरू झाले. पुढे पूर्वेच्या माळावर पवनचक्क्याही उभ्या राहिल्या. वारा तोच राहिला. त्याची किंमत ठरवणारी माणसं बदलली.

त्याच घळीने आणखी एक गोष्ट दाखवली. २ सप्टेंबर २०१७ रोजी, कोरड्या उन्हाळ्याच्या शेवटी, ईगल क्रीक नावाच्या पायवाटेवर एका अल्पवयीन मुलाने फटाका फेकला. आग लागली. सुमारे दीडशे गिर्यारोहकांना जंगलात रात्र काढावी लागली. दोन दिवसांनी पूर्वेचा वारा सुटला आणि आग पश्चिमेकडे झेपावली, ठिणग्या एवढी रुंद कोलंबिया ओलांडून पलीकडच्या काठावर पडल्या. आग पसरवली वाऱ्याने. फटाका मात्र वाऱ्याने फेकला नव्हता.

आमचं म्हणणं इथे येऊन ठेपतं. समाजातही दाबाचे फरक असतात. युद्धाची भीती, जमिनीची हाव, शेजाऱ्याच्या बहरलेल्या बागेचा मत्सर, या गोष्टी दोन टोकांना साचतात आणि मधे वारा सुटतो. इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने हे आकडे बघावेतच, त्याशिवाय १९४४ चं हूड रिव्हर समजणार नाही. पण भिंतीवरची नावं पुसायला कुणीतरी रंगाचा डबा घेऊन गेलं होतं. जाहिरातीखाली एकेकाने आपलं नाव छापू दिलं होतं. ज्यांनी नाव द्यायचं नाकारलं, ते त्याच गावात, त्याच वाऱ्यात राहत होते.

हवेचा अंदाज सांगणाऱ्याला एक चांगली सवय लागलेली असते. काल आपण काय म्हणालो आणि प्रत्यक्षात काय झालं, हे त्याला रोज सकाळी गावासमोर कबूल करावं लागतं. समाजाबद्दल बोलताना आपण हे करत नाही. अमुक लोक इथे कधी मिसळणार नाहीत, अमुक गोष्ट आपल्याकडे चालणारच नाही, असं आपण ठणकावून सांगतो, आणि वीस वर्षांनी ती गोष्ट आपल्याच घरात सुखाने चाललेली असते. तेव्हा आपण मागे जाऊन स्वतःचं वाक्य तपासत नाही. काळ बदलला, एवढंच म्हणतो.

तर मंडळी, पुढच्या वेळी 'वारं फिरलं' म्हणायचा मोह झाला, की एकदा विचारून बघा: ते फिरवायला कोण कोण उभं राहिलं होतं, आणि आपण तेव्हा कुठे होतो? प्रश्न असतील तर जरूर विचारा.