ऋतू गेला, नाव राहिलं : बव्हेरियातल्या बिअरची गोष्ट

उन्हाळ्यात हलकी बिअर प्यावी, शरद ऋतूत जरा गडद, थंडीत कडक, असं हल्ली सांगितलं जातं. ऐकताना वाटतं, हा सगळा जिभेचा मामला आहे. इतिहास मात्र वेगळंच सांगतो.

बव्हेरियाचा १५१६चा कायदा बिअरमध्ये जव, हॉप आणि पाणी एवढंच असावं, या अटीसाठी प्रसिद्ध आहे. पण त्यात आधी येतात ते दर. २९ सप्टेंबरच्या सेंट मायकेलच्या सणापासून २३ एप्रिलच्या सेंट जॉर्जच्या सणापर्यंत एका मापाला जास्तीत जास्त एक फेनिग. उरलेल्या काळात दोन. म्हणजे ऋतू आधी किमतीत शिरला. पुढे १५५३मध्ये ड्यूक आल्ब्रेख्ट पाचवा याने उन्हाळ्याच्या त्या महिन्यांत बिअर गाळायलाच बंदी घातली. कारण साधं होतं : उकाड्यात बिअर नासायची. सूक्ष्मजीव तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते, अनुभव मात्र होता.

मग करायचं काय? मार्चमध्ये जरा कडक, जास्त हॉप घातलेली बिअर करून ठेवायची. तीच ‘मेर्त्सन’, म्हणजे मार्चची बिअर. ती गार तळघरात ठेवायची, सोबत हिवाळ्यात तळ्यांवरून कापून आणलेला बर्फ. वर सावलीसाठी चेस्टनटची झाडं. लोक तिथंच बसून प्यायला लागले आणि १८१२मध्ये राजाने त्याला रीतसर परवानगी दिली. आजच्या बिअर गार्डनचं मूळ हे असं तळघराच्या छपरावर आहे!

पुढे १८७०च्या दशकात म्युनिकचे प्राध्यापक कार्ल लिंडे यांनी श्पाटेन ब्रुअरीत आपलं शीतयंत्र चालवून दाखवलं. आता जुलैतही मेर्त्सन करता येऊ लागली. कारण संपलं, नाव उरलं.

मग उरलेली परंपरा खोटी म्हणायची का? मला तसं वाटत नाही. जे एकेकाळी सक्तीने करावं लागलं, ते आज आपण आवडीने करतो; माणसाच्या बऱ्याच चालीरीती अशाच घडल्या आहेत. चूक होते ती सक्तीचा विसर पडून आवडीलाच निसर्गनियम मानण्यात. म्हणून कुणी ‘या ऋतूत हेच’ असं ठासून सांगितलं, तर आपण एवढंच विचारावं : त्या ऋतूत, त्या काळी, काय करणं शक्यच नव्हतं? उत्तर बहुतेक तिथंच सापडतं.