खडकावरच्या पाकोळ्यांची राखण

निवतीच्या किनाऱ्यावरून पश्चिमेला पाहिलं, की समुद्रात काळ्या खडकांचा पुंजका आणि त्यावरचं दीपगृह दिसतं. नकाशात यांना वेंगुर्ला रॉक्स म्हणतात. इथल्या एका गुहेत, अंधारात, भारतीय पाकोळी राहते. चिमणीहूनही लहान असा हा पक्षी. टिकटिक आवाज करून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट शोधतो आणि स्वतःच्या लाळेनं घरटं कातळाला चिकटवतो.

ही लाळच त्याच्या जिवावर उठली. चिनी खाद्यपरंपरेत अशा घरट्यांच्या सूपला मोठा मान आणि मोठी किंमत. घरटं खरवडून नेलं की आतली अंडी-पिल्लं जातात. घरटं रिकामं असलं, तरी पाकोळीला पुन्हा तेवढी लाळ गाळावी लागते.

या खडकांची नोंद जुनी आहे. पुढं काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ह्यूम हे पक्षी अभ्यासकही होते. १८७५ च्या सागरसफरीनंतर त्यांनी या खडकांवर लिहिलं. १९४२ मध्ये हुमायून अब्दुलअली यांनी इथल्या सुरय आणि पाकोळ्यांवर मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला. नोंदी झाल्या, पण राखणदार कुणी नव्हता.

चिपळूणची ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ही १९९२ मध्ये स्थापन झालेली संस्था. भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी २००० च्या सुमारास या खडकांकडे वळले. गुहेत चोरट्यांनी घरटी काढण्यासाठी बांबूची परांची बांधली होती. वनखात्याच्या मदतीनं ही चोरी उघडकीला आली.

श्रोतेहो, निसर्गरक्षण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दुर्बीण येते. प्रत्यक्षात आधी लागते होडी. मग डिझेलचे पैसे, परवानगीची पत्रं, आणि वारा पाहून ‘आज नको’ म्हणणारा अनुभवी तांडेल. निसरड्या कातळावर उतरायचं, अंधारात घरटी मोजायची, परत येऊन वहीत आकडे लिहायचे. गुन्हा दाखल झाला, तर साक्षीला जायचं. एवढं करून देणगीदाराला हिशेबही द्यायचा! यातलं एक काम राहिलं, तरी बाकीची लंगडी पडतात.

माणसांचा विश्वास मिळवणं हे त्याहून अवघड. १९८७ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा परिसर धरून मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. पण मासेमारीवर गदा येईल, या भीतीनं मच्छीमारांनी विरोध केला. त्यांची भीती खोटी म्हणता येणार नाही. समुद्र हे त्यांचं शेत आहे. याच संस्थेनं २००२ पासून रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला कासवांची अंडी राखली, ती मात्र गावाला सोबत घेऊन. पुढं कासवं पाहायला पाहुणे येऊ लागले, घराघरांत जेवणावळी उठू लागल्या आणि कासव गावाचं झालं.

खडकावर गाव नाही. तिथं रोज नजर जाते ती फक्त जवळून जाणाऱ्या मच्छीमाराची. अनोळखी होडी गुहेपाशी थांबलेली त्यालाच आधी दिसणार. त्यानं ती पाहून किनाऱ्यावर कळवावं, इतकी पाकोळी त्याला आपली वाटली पाहिजे.