ह्याले लायसन लागते का?

पावसाळा संपता संपता वडाळी तलाव भरलेला होता. शाळेतली चार मुलं आणि मी शिडाची एक छोटी बोट घेऊन काठावर गेलो. रिमोटचा डबा आठवीतल्या एका मुलाच्या हातात होता, अँटेना वर केलेली. फिरायला आलेले एक आजोबा थांबले आणि म्हणाले, "मास्तर, ह्याले लायसन लागते का?"

खरं सांगतो, मी चपापलो. डोक्यावर टोप्या घातलेली मुलं, हातात अँटेना. अशा वेळी साधा प्रश्नही मला वेगळ्याच सुरात ऐकू येतो. मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो, तोवर तेच पुढे बोलले, "आमचा बुढा रेडिओचे पैसे दरसाल पोस्टात भरे. म्हून इचारलं."

संशय त्यांच्या मनात नव्हताच, माझ्या मनात होता. प्रश्न मात्र चांगला होता, म्हणून त्याचं उत्तर नीट लिहितो.

आजोबांची आठवण खरी आहे. 1933 च्या भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायद्यानुसार परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा होता. इंग्रज सरकारचा तो कायदा स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला. घरातल्या रेडिओचा परवाना 1980 च्या दशकात गेला, पण संदेश पाठवणाऱ्या यंत्रावर सरकारची नजर राहिली.

गंमत म्हणजे बिनतारी लहरींनी दूरची वस्तू हलवण्याची कल्पना त्या कायद्याहून जुनी आहे. जगदीशचंद्र बोस यांनी 1895 च्या सुमारास कलकत्त्यात अशा लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखवली. 1898 मध्ये निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात छोटी बोट सोडली आणि लांबून तिचं सुकाणू फिरवलं. रेडिओवर चालणारं ते पहिलं प्रसिद्ध यान विमान नव्हतं, बोट होती. (सुकाणू हा शब्दही दूरवरून आलेला, अरबीतला 'सुक्कान' तो हाच. उर्दूच्या तासाला हे सांगितलं की मुलं खूश होतात.)

पुढे अडचण आली ती गर्दीची. जुने हौशी संच 27 मेगाहर्ट्झच्या आसपास चालत. रिमोट आणि बोट या दोन्हींत एकाच वारंवारतेचे क्रिस्टल बसवावे लागत. तलावावर दोघांचे क्रिस्टल सारखे निघाले, की एकाने दांडी हलवायची आणि दुसऱ्याची बोट वळायची. यावरचा विचार युद्धाने आधीच करून ठेवला होता. अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथील यांना 1942 मध्ये एक पेटंट मिळालं. टॉर्पेडोला दिशा देणारा संदेश एका वारंवारतेवर न ठेवता तो सतत उड्या मारत राहील, म्हणजे शत्रूला अडवता येणार नाही, अशी त्यांची युक्ती होती. आजचे 2.4 गिगाहर्ट्झचे बहुतेक संच याच तत्त्वाने चालतात. रिमोट आणि रिसीव्हरची एकदा जोडी लावली, की शेजारच्याचा रिमोट आपल्या बोटीला कळत नाही.

आणि परवाना? जानेवारी 2005 मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून 2.4 ते 2.4835 गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या, मान्यताप्राप्त उपकरणांसाठी परवानामुक्त केला. घरचं वायफाय चालतं तेही याच पट्ट्यात. म्हणून नव्याने शिकणाऱ्याने जुना क्रिस्टलचा संच स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. मान्यता असलेला 2.4 चाच घ्यावा.

शिडाच्या बोटीला दोनच चॅनेल पुरतात. बोट वारा चालवतो. आपण फक्त सुकाणू आणि शिडाची दोरी सांभाळायची. दोरीला साधी नाही, जोरकस सर्वो मोटर किंवा विंच लागते, कारण वाऱ्याचा सगळा ताण तिच्यावर येतो. दोरीची दांडी स्प्रिंग नसलेली हवी. हात काढला तरी तिथेच थांबणारी. दांडी स्वतःकडे ओढली की शीड आत यावं, पुढे ढकलली की ढील मिळावी.

2.4 च्या लहरी पाण्यात लवकर विरतात, म्हणून रिसीव्हरची अँटेना बोटीत जमेल तितकी उंच ठेवा. रिसीव्हरला फुग्यात गुंडाळून तोंड बांधा. आधी रिमोट चालू करायचा, मग बोट. बंद करताना उलट. पाण्यात सोडण्याआधी एकाने बोट धरून लांब जावं आणि दुसऱ्याने दांड्या हलवून पाहाव्या. आमची पहिली बोट उजवीकडे म्हटलं की डावीकडे वळे. रिमोटवरचं दिशा उलटवणारं बटण आम्हाला तासाभराने सापडलं.

"नाही लागत," एवढंच मी त्या दिवशी आजोबांना म्हणालो आणि रिमोट त्यांच्या हातात दिला. त्यांनी दोरी थोडी ओढली, थोडी सोडली. "कासऱ्यावानीच हाय हे," ते म्हणाले.

त्या अधिसूचनेची छापील प्रत मात्र आता रिमोटच्या खोक्यात घडी करून ठेवली आहे. अजून कोणी मागितलेली नाही.